छत्तीस गाद्या

"त्या गठ्ठ्यावर नको बसूस, पोरी. दाभणं खोचलेली असतात त्यात. किंचाळशील, आणि तेवढंच तुझ्या यंत्रात भरून जाईल."

रेडिओवाली मुलगी अर्धी वाकली होती, ती तशीच सरळ झाली. तिच्या हातात साबणाच्या वडीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं आणि त्यावरचा तांबडा ठिपका पेटलेला होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं. बसायला जागा अशी नव्हतीच. एका अंगाला कापूस पिंजायचं यंत्र, मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या नव्या गाद्या, आणि कोपऱ्यात कापसाच्या गासड्यांच्या कुशीत ड्रमचा संच.

"मग कुठं बसू, मावशी?"

"मावशी कुणाची? मी बहीण म्हणून चालेन का, ते तुझ्या आईला विचार आधी." गादीवालीनं आपलं स्टूल पायानं पुढं सरकवलं. "ह्यावर बस. माझ्याशिवाय कुणी बसत नाही ह्यावर. रेडिओवरून आलीस म्हणून."

साऱ्या गल्लीत तिला गादीवाली म्हणत. नवरा गेला तेव्हा थोरला तेरा वर्षांचा होता आणि धाकटा सहा. नवऱ्यानं मागं ठेवलं ते एक पिंजण्याचं यंत्र, तेही बंद पडलेलं. गादीवालीनं शाळेचं तोंड जेमतेम दोन वर्षं पाहिलं होतं, पण तिनं ते यंत्र खोललं, पुसलं, जोडलं, आणि उरलेले दोन स्क्रू डब्यात टाकून ते चालवूनही दाखवलं. ते दोन स्क्रू कुठले हे तिला आजतागायत कळलेलं नव्हतं, आणि यंत्रालाही नव्हतं. गादीवर नुसता हात दाबून आत कापूस किती आणि चिंध्या किती, हे ती सांगे. माणसांचंही ती असंच करी. दाबून बघे आणि सांगून टाके. आणि आपण कधी चुकलो नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आज रेडिओवाली आली होती ती तिच्या मुलांच्या बँडसाठी. बँडचं नाव 'फाटकी उशी'. हे नाव ऐकून गादीवालीनं नऊ वर्षांपूर्वी दोन दिवस मुलांशी बोलणं टाकलं होतं. "जन्मभर मी चांगल्या उश्या शिवल्या, आणि ह्यांनी जगाला दाखवायला फाटकी निवडली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण चार महिन्यांपूर्वी त्याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम निघाला, आठ गाण्यांचा, आणि तो चालला. चालला म्हणजे इतका, की केस कापायला आलेली पोरं त्यातलं तिसरं गाणं गुणगुणतात, असं कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं तिला येऊन सांगितलं. तेव्हापासून ती दुकानात नव्या गिऱ्हाइकाला गादी दाखवताना मधेच म्हणे, "रेडिओ ऐकता ना?"

बँड तिघांचा. धाकटा गायचा आणि गिटार वाजवायचा. दुसरा कवळी. तो एका दातांच्या दवाखान्यात खोटे दात बनवायचा, म्हणून कवळी. तो बेस वाजवायचा. आणि तिसरा थोरला. थोरला ड्रम वाजवायचा, यंत्र चालवायचा, गासड्या उतरवायचा, गाद्या भरायचा, पोचवायचा आणि हाक मारली की यायचा.

आता तिघेही टेबलाच्या कडेला ओळीनं बसले होते. धाकट्यानं नवं जाकीट घातलं होतं. थोरल्याच्या भुवयांवर कापसाची लव तशीच होती.

गादीवाली चहाच्या कपांशी उगाच खडबड करत उभी राहिली. तिला इथून हलायचं नव्हतं. कारण अल्बम कसा झाला हे सांगायला हे तिघे बसले होते, आणि अल्बम कसा झाला हे त्यातल्या दोघांनाच माहीत होतं. तिसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. तो तिसरा थोरला.

गोष्ट साधी होती. गेल्या थंडीत चार दिवस कारखाना बंद ठेवून इथंच रेकॉर्डिंग केलं. स्टुडिओ परवडणारा नव्हता. रेकॉर्डिंगवाला माणूस आपली यंत्रं घेऊन आला, म्हणाला खोली फार घुमते. मग थोरल्यानंच युक्ती काढली. एका वसतिगृहासाठी छत्तीस गाद्या तयार होऊन पडल्या होत्या. त्या त्यानं एकट्यानं शिडीवर चढून चारी भिंतींना आणि वर आढ्याला टांगल्या. खोली अशी गपगार झाली की गादीवालीला आपलीच हाक आपल्याला ऐकू येईना. पहिले दोन दिवस थोरल्यानं ड्रम वाजवले. रेकॉर्डिंगवाल्यानं कानाला हेडफोन लावून ते ऐकले आणि धाकट्याला बाहेर नळापाशी नेलं. म्हणाला, तुझ्या भावाचा हात पुढं पळतो. स्टेजवर खपून जातं, इथं नाही खपणार. ह्याच्यावर आठ गाणी उभी केली तर आठही लंगडतील.

धाकटा तसाच आईकडे आला. "आई, तू सांग त्याला. माझ्यानं नाही होणार."

"सांगायचं कशाला?" गादीवाली म्हणाली होती. "पाठवून द्यायचा."

तिनं वसतिगृहाला फोन केला, माल आठ दिवस आधीच तयार झालाय, लावून देते. आणि थोरल्याला गाडीबरोबर धाडला. जाऊन येऊन दोन दिवसांचा रस्ता. इकडे एका शाळेच्या बँडचे मास्तर आले, थोरल्याच्याच ड्रमवर बसले, आणि दीड दिवसात आठही गाणी वाजवून मोकळे झाले. भाडोत्री माणूस, पण हात घड्याळासारखा. जाताना गादीवालीनं त्यांना एक उशी दिली. थोरला परत आला तेव्हा ड्रम होते तिथंच होते, त्याच्या काठ्या होत्या तिथंच होत्या, आणि धाकटा कवळीबरोबर बाकीचं काम उरकत होता. अल्बम निघाला, सगळ्यांनी मिळून ऐकला, थोरला म्हणाला, "छान झालंय," आणि यंत्र चालू करायला निघून गेला. झाली गोष्ट.

गादीवालीला ह्याचा अभिमान होता. एकाचं भलं झालं आणि दुसऱ्याला ओरखडा नाही. घर असंच चालवायचं असतं. थोरला काय, कापसाचाच पिंड, दाबला की दबतो. पंधरा दिवसांनी बँडचा अकरा शहरांचा दौरा होता, त्यात तो स्टेजवर वाजवेलच की. झाकली मूठ आणखी अर्धा तास झाकून ठेवायची, एवढंच आज काम होतं. सकाळीच तिनं धाकट्याला आणि कवळीला दटावून ठेवलं होतं, ड्रमचा विषय निघाला तर त्यावर पाणी ओता.

"तर सुरुवातीपासून सांगा," रेडिओवाली म्हणाली. "अल्बम करायचं कधी ठरवलंत?"

"मी नाही ठरवलं," धाकटा म्हणाला. "गाण्यांनी ठरवलं."

"गाण्यांनी ठरवलं म्हणे," गादीवाली कपातून तोंड वर न करता म्हणाली. "पाच वर्षं मी ठणाणा करत होते, काहीतरी कामाचं करा नाहीतर ती ढोलकी उचला, मला गासड्या ठेवायला जागा नाही. तेव्हा ठरवलं."

रेडिओवाली हसली. कवळीही हसला. त्याचे दात मात्र स्वतःचे होते आणि वाकडे होते, आणि लोक ते बोलून दाखवायच्या आधी तोच दाखवायचा.

"काकूंनी ढोलकीच म्हणायची शपथ घेतलीय," तो म्हणाला. "पण काकू नसत्या तर काही झालं नसतं हो. ही खोली त्यांची. शेजारी कधी कुणाची तक्रार नाही."

"तक्रार कशी येईल?" गादीवाली आता सरसावली. ह्या विषयावर बोलायला तिला आवडे. "माझ्या गाद्यांमधून आवाज पलीकडे जात नाही. बाजूच्या म्हातारीला नऊ वर्षं वाटतंय, ही पोरं इथं अभ्यास करतात. परवा मला म्हणाली, अजून पास नाही का झाली?"

"आणि रेकॉर्डिंगला तर चारी भिंतींना गाद्या लावल्या होत्या," धाकटा म्हणाला. "छत्तीस. वसतिगृहाची ऑर्डर होती."

"कल्पना कुणाची?"

"ह्याची," धाकट्यानं अंगठ्यानं थोरल्याकडे दाखवलं, आणि लगेच म्हणाला, "म्हणजे, सगळ्यांचीच."

 थोरला नखात अडकलेला दोरा काढत होता.

"तुम्ही थोरले भाऊ. तुम्ही ड्रमकडे कसे वळलात?" रेडिओवालीनं यंत्र त्याच्यासमोर धरलं.

"पिंजायचं यंत्र आहे ना ते," थोरला म्हणाला. "लहानपणी त्याच्याजवळ झोपायचो. त्याचा आवाज बंद झाला की जाग यायची."

"तो जन्मला तोच दीड महिना आधी," गादीवाली मधे पडली. पाणी ओतायची वेळ झाली असं तिला वाटलं. "सगळ्यातच घाई. जेवायला बसला की आपलं ताट संपवून दुसऱ्याच्याकडे बघतो. चालायला लागला की सावली मागं राहते. लग्नासाठी मुलगी बघायला गेलो, तर हा चहा पिऊन बाहेर जाऊन चपला घालून उभा, मुलगी अजून आतच. अजून तशीच आत असेल."

रेडिओवाली खळखळून हसली. कवळीनं धागा उचलला. "आम्ही गाणं चार मिनिटांचं बसवायचो, हा साडेतीनात पोचायचा. उरलेलं अर्धं मिनिट आम्ही त्याला शोधत असायचो. एकदा एका कॉलेजात शेवटचं गाणं ह्यानं इतक्या लवकर संपवलं, की संयोजक म्हणाले, आता अजून एक म्हणा, हॉल आठपर्यंत आपला आहे."

"बिचारा," रेडिओवाली म्हणाली.

"बिचारा कसला? सवय आहे त्याला," धाकटा म्हणाला.

थोरलाही हसत होता. ह्या गोष्टी त्यानं शंभरदा ऐकल्या होत्या आणि शंभरदा तो असाच हसला होता. गादीवालीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं. हसणाऱ्या माणसाच्या पोटात काही नसतं, असं तिचं मत होतं.

"पण गंमत बघा," रेडिओवाली म्हणाली, "अल्बममध्ये मला सगळ्यात आवडतात ते ड्रमच."

कवळीनं चहाचा मोठा घोट घेतला आणि त्याची जीभ पोळली.

"खरंच. आमच्या स्टेशनवर सगळे तेच म्हणतात. तिसऱ्या गाण्याची सुरुवात. नुसते ड्रम आहेत, बाकी काही नाही, आणि काय घुमतात. एखाद्या मोठ्या रिकाम्या जागेत कुणीतरी एकटंच बसून वाजवतंय असं वाटतं. अंगावर काटा येतो. आणि हातात घाई तर कुठंच नाही. कसा काढलात तो आवाज?"

"बिस्कीट घे ना," गादीवाली म्हणाली. "मऊ पडतील."

"घेते. सांगा ना, कसा काढलात?"

"ते मशीनमध्ये करतात," धाकटा म्हणाला. "रेकॉर्डिंगवाल्यानं केलंय ते. तांत्रिक असतं. तुम्ही गाण्याच्या शब्दांबद्दल विचारा ना."

"शब्दांकडे येऊच. पण हे ज्यांनी वाजवलंय त्यांच्याकडून मला ऐकायचंय." आणि तिनं यंत्र परत थोरल्यासमोर धरलं. मुलगी गुणी होती, आपल्या कामाला चिकट होती, आणि तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

थोरल्यानं नखातला दोरा काढून गुडघ्यावर ठेवला. एरवी तो बोलायला लागला की शब्द एकमेकांच्या टाचांवर पाय देत. आज तो सावकाश बोलला.

"मशीनमध्ये नाही केलेलं ते. खोली रिकामी होती म्हणून घुमलंय."

"पण आत्ता तर म्हणालात, भिंतींना गाद्या होत्या."

"मी वाजवलं तेव्हा होत्या. गाद्या लावल्या की ड्रम मेल्यासारखा वाजतो. ठप, ठप. मी दोन दिवस वाजवलं, ते तसंच आलं असणार. मग गाद्या उतरवून मी गाडीत भरल्या आणि वसतिगृहाला घेऊन गेलो. छत्तीसच्या छत्तीस माझ्याबरोबर होत्या. खोली रिकामी ती फक्त तेवढे दोन दिवस होती. तेव्हा मी इथं नव्हतो. जे घुमतंय ते मी वाजवलेलं नाही."

 तांबडा ठिपका पेटलेलाच होता.

गादीवालीच्या हातात बिस्किटांची बशी होती. इतकी वर्षं कापसात काढली, गादी आवाज खाते हे जगाला ऐकवलं, आत्ता पाच मिनिटांपूर्वी ह्या पोरीला ऐकवलं, आणि मुलाला घालवायचा म्हणून तिनं नेमक्या त्याच गाद्या त्याच्याबरोबर लावून दिल्या होत्या. दुसरं काहीही लावून देता आलं असतं. चुलत्याकडे निरोप घेऊन धाडता आलं असतं. तिला स्वतःचाच राग आला, पण तो एवढ्याचाच आला, की काम कच्चं झालं.

"कुणी वाजवलंय मग?" रेडिओवालीनं हळूच विचारलं.

"शाळेचे बँडमास्तर आहेत एक, त्यांचा हात मी ओळखतो. माझ्या ड्रमवर बसायचं तर बैठक वर करावी लागते, ते उंच आहेत. परत आलो तेव्हा बैठक वर होती." थोरला रेडिओवालीलाच सांगत होता, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "चांगलं वाजवलंय त्यांनी. तिसऱ्या गाण्यात तर फारच. त्यांचं नाव घ्या तुम्ही रेडिओवर. अल्बमवर ते कुठंच नाही."

"तुला माहीत होतं?" धाकट्याचा आवाज चिरकला. "चार महिने?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. आपला हात कुणाला ओळखता येत नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

थोरल्यानं आता पहिल्यांदा मान वळवली. धाकट्याकडे नाही, आईकडे.

"वाट बघत होतो. वाटलं, आई सांगेल. रोज सकाळी यंत्र चालू करताना वाटायचं, आज सांगेल."

आता इथं दुसरी कुणी आई असती तर तिनं बशी खाली ठेवली असती. जवळ गेली असती, निदान खाली तरी पाहिलं असतं. गादीवालीनं आयुष्यात कधी खाली पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याच्या मरणाला आलेल्या माणसांसमोरही नाही. परक्या पोरीच्या देखत, रेडिओच्या यंत्राच्या देखत, पोटच्या पोरानं आपल्याला तराजूत घातलं, एवढंच तिला दिसलं. आणि तिच्या जिभेला जी सवय होती तेच तिनं केलं.

"सांगून काय तुझा हात सुधारणार होता?"

कवळीनं डोळे मिटून घेतले. 

थोरल्यानं मान डोलावली. गिऱ्हाइकानं माप सांगितलं की तो जशी डोलवायचा तशीच. "नाही," तो म्हणाला. "तेही खरंच."

रेडिओवालीनं यंत्रावर अंगठा ठेवला. "हे मी काढून टाकू का? काढता येतं."

"काढ," गादीवाली म्हणाली.

"नको," धाकटा म्हणाला. तो मघापासून पांढराफटक बसला होता, पण आता त्याच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. त्याचं डोकं चालू झालं होतं. आईचंच डोकं होतं ते. "राहू दे की. लोकांना असलं आवडतं. म्हणजे खरं आहे ना हे, खोटं थोडंच आहे? भावाला न सांगता केलेला अल्बम. लोक बोलतील ह्याच्यावर." मग थोरल्याकडे वळून, खरोखरीच्या सुटकेनं, तो म्हणाला, "आणि दादा, एक बरंच झालं बघ. मी किती दिवस झोपलो नव्हतो. दौऱ्याचं कसं करायचं कळत नव्हतं. लोक तिसरं गाणं अल्बममधल्यासारखं मागणार. मास्तरांना शाळेची सुट्टी आहे, ते यायला तयार आहेत. मी विचारून ठेवलंय. तुला सांगायचं कसं, एवढंच राहिलं होतं. आता तुला माहीतच आहे, तर मग काय."

हे गादीवालीला माहीत नव्हतं. कवळीला मात्र माहीत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"अकराही ठिकाणी?" थोरल्यानं विचारलं.

"शेवटच्या एका गावात तू वाजव हवं तर. छोटंच गाव आहे."

"पुरे की आता," कवळी पुटपुटला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

थोरल्यानं परत आईकडे पाहिलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तेराव्या वर्षी शाळा सुटली त्या दिवशी त्यानं असंच पाहिलं होतं, दप्तर कुठं ठेवू म्हणून.

"आई, तू सांग. जाऊ का नको?"

एक शब्द पुरला असता. जा म्हणाली असती तर धाकट्यानं दोन दिवस तोंड फुगवलं असतं आणि ऐकलं असतं. तिच्यापुढं त्याची काय बिशाद होती? हे तिला कळत होतं. तिला हेही कळत होतं की आज हा गेला, अकरा गावं बघून आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर तो परत येऊन यंत्रापाशी उभा राहील की नाही, कोण जाणे. यंत्र एका माणसानं चालत नाही. तिचे गुडघे गेले होते. आणि धाकट्याचं नशीब नुकतं कुठं उघडलं होतं, त्यात लंगडं गाणं घुसवायचं? मनातल्या मनात तिनं गादी दाबावी तशी दोन्ही मुलं दाबून पाहिली. जो दबला, त्याच्यावर तिनं भार टाकला.

"पुढल्या महिन्यात रुग्णालयाच्या साठ गाद्या आहेत," ती म्हणाली. "त्या काय तुझा बँडमास्तर भरणार आहे?"

"बरं," थोरला म्हणाला.

त्यानं गुडघ्यावरचा दोरा उचलला आणि केराच्या डब्यात टाकला. रेडिओवालीनं अजून दोनचार प्रश्न विचारले, शब्दांबद्दल, चालीबद्दल. धाकट्यानं भरभरून उत्तरं दिली. तो बोलायला छान होता, आवाज मधाळ होता. गाणी कशी आतून येतात हे त्यानं सांगितलं. कवळी हो हो म्हणत राहिला. थोरला तिथंच बसून होता, ऐकत होता, आणि एके ठिकाणी धाकट्याला एका गाण्याचं साल आठवेना तेव्हा त्यानंच ते सांगितलं.

शेवटी तांबडा ठिपका विझला.

"एक फोटो लागेल," रेडिओवाली उठत म्हणाली. आता तिला तिथून निघायची घाई झाली होती. "स्टेशनच्या पानावर टाकायला. जिथं अल्बम केला त्याच जागी घेऊ. तुम्ही तिघं..." ती अडखळली. "म्हणजे, जसं तुम्ही म्हणाल तसं."

 धाकटा आणि कवळी जाऊन ड्रमच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधली बैठक रिकामी.

"दादा, तू काढ ना फोटो," धाकटा म्हणाला. "तुझा हात स्थिर..." आणि तोही अडखळला. "म्हणजे, तुझ्यापाशी मोबाइल आहेच."

"माझाच घ्या," रेडिओवालीनं आपला मोबाइल थोरल्याच्या हातात दिला. मग जुळवलेल्या चौकटीकडे बघून म्हणाली, "मधे फार रिकामं दिसतंय. कुणीतरी बसायला हवं. मावशी, तुम्ही बसता का? खोली तुमचीच आहे."

गादीवालीला नाही म्हणता आलं असतं. पण आज सकाळी तिनं केस नीट विंचरले होते, चांगले कपडे घातले होते, आणि फोटो सगळ्या गल्लीत दिसणार होता. कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसून ती ड्रममागे जाऊन बसली. बैठक तिला उंच होती. पाय अधांतरी लोंबत राहिले.

"काठ्या घ्या हातात," रेडिओवाली म्हणाली.

तिनं काठ्या उचलल्या. आयुष्यभर दाभण धरलेली मूठ, तिनं काठ्याही तशाच आवळून धरल्या.

"अशा नाही, आई," थोरला म्हणाला.

मोबाइल टेबलावर ठेवून तो तिच्याकडे आला. ड्रमच्या पलीकडून वाकून त्यानं तिची बोटं एकेक करून सैल केली, अंगठा काठीच्या कडेला आणला, मनगट थोडं खाली दाबलं. उजवा हात, मग डावा. त्याच्या भुवयांवरची लव तिला इतक्या जवळून दिसली की फुंकर मारली असती तर उडाली असती.

"सुटी धरायची. आवळली की वाजत नाही."

तो मागं गेला. मोबाइल उचलला. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडेना म्हणून दोन पावलं डावीकडे सरकला, गुडघ्यावर बसला, परत उठला.

"कवळी, थोडा आत ये. हां. तू मान वर कर." धाकट्यानं मान वर केली. "आई, इकडे बघ."

गादीवालीनं त्याच्याकडे पाहिलं. आज दिवसभरात पहिल्यांदाच ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो मोबाइलच्या काचेत बघत होता. त्याला काही घाई नव्हती. त्यानं एक फोटो काढला, मग म्हणाला, हलू नका, आणि आणखी एक काढला.

"हस की, आई," तो म्हणाला. "हसली नाहीस तू."